भिंतीचा गिलावा : डागडुजी की नवा?

पावसाळा सरला की कोकणात घरोघरी एकच विषय निघतो : पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा फुगलाय, काय करायचं? गवंडी म्हणतो, सगळा काढू. घरातले म्हणतात, थोडं सिमेंट फासून रंग मारू. दोन्ही उत्तरं भिंत न तपासताच दिलेली असतात.

लाकडी दांड्याने भिंत हलकेच ठोकत जा. भरीव आवाज येतो तिथे गिलाव्याने चिरा धरलेला आहे. पोकळ आवाज येतो तिथे तो सुटला आहे. अशा जागी खडूने खुणा करा. खुणा दोन-चारच असतील, तर तेवढा भाग चौकोनी कापून, सांधे खरवडून, भिंत भिजवून नवा गिलावा भरा. अर्ध्याहून अधिक भिंत पोकळ वाजत असेल, तर ठिगळं महाग पडतात. मग पूर्ण गिलावाच करा, दोन थरांत, आणि निदान ७ दिवस पाणी मारा.

त्याआधी पाणी कुठून शिरतं ते शोधा. पन्हळ गळत असेल किंवा पागोळ्या भिंतीवर येत असतील, तर नवा गिलावाही टिकणार नाही.

चांगला गिलावा उगाच पाडणं हा इसराफ आहे. मात्र सुटलेला तुकडा बोळावर लोंबत असेल, तर तो आजच काढून घ्या. नवा गिलावा पुढच्या महिन्यात झाला तरी चालेल. खालून शेजाऱ्यांची मुलं मदरशाला जातात. इथे प्रश्न खर्चाचा उरत नाही, हुकूकुल इबादचा होतो.