अलाइनमेंट केली, तरी गाडी डावीकडेच!

उजवा खांदा भरून येतो म्हणून गेल्या पावसाळ्यात मी आठ दिवस रोज रात्री तेल चोळून घेत होते. ओले कपडे पिळताना लचक भरली असेल, असं सासूबाई म्हणाल्या. फळ्यावर लिहून लिहून झालं असेल, असं मला वाटलं. शेवटी लक्षात आलं, की दुखणं माझं नव्हतंच, आमच्या गाडीचं होतं! गाडी सारखी डावीकडे जात होती आणि तिला सरळ ठेवायला मी नकळत स्टिअरिंग उजवीकडे ओढून धरत होते.

आमची गाडी लहानशीच, पण घरात ती सर्वांत जास्त माझ्याच हातात असते. मुलांची शाळा, माझी अर्धवेळ नोकरी, बाजार, सासूबाईंचा डोळ्यांचा डॉक्टर. जुलैत पाण्यानं भरलेल्या एका खड्ड्यात पुढचं डावं चाक दाणकन आदळलं आणि तेव्हापासून हे सुरू झालं. आम्ही रीतसर व्हील अलाइनमेंट करून घेतली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर सगळे आकडे हिरवे दिसले, पैसे दिले, घरी निघालो. सरळ रस्त्यावर मूठ जरा सैल केली, तर गाडी पुन्हा डावीकडे!

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, आत्ताच करून आणली ना? तुझ्या मनाचे खेळ." दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले. त्यांनी पुन्हा मशीन लावलं. तरी तेच. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तिथला माणूस हसून म्हणाला, "वैनी, रस्त्यालाच उतार असतोय. अगदीच वाटत असंल तर दोन्ही टायर आणि लोअर आर्म बदलून टाका."

मला हसू आलं नाही. आठ दिवसांनी गणपतीला माहेरी, रत्नागिरीला जायचं होतं. कोल्हापूरहून आंबा घाट उतरून. धुकं, पाऊस, मागच्या सीटवर सासूबाई आणि दोन्ही मुलं, आणि गाडीचा ओढा सतत एका बाजूला. कारण कळल्याशिवाय मी घाटात गाडी घालणार नाही, असं घरात सांगून टाकलं.

मी आपली बी.ए. झालेली, मराठी शिकवणारी. यंत्राशी माझा संबंध मिक्सरपुरता. पण लोणचं का बिघडलं हे शोधताना आपण मीठ, तेल, बरणी सगळं एकदम बदलत नाही. बदललं तर चूक कुठं होती ते कधीच कळत नाही. इथंही तसंच केलं. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि वहीत लिहून ठेवायची. फुकटच्या तपासण्या आधी, पैशाच्या नंतर.

पहिली गोष्ट, दुखणं नेमकं कोणतं ते ओळखा. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग वाकडं राहतं, हे वेगळं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा, की चाकं जुळवताना स्टिअरिंग मध्यभागी धरलेलं नव्हतं. ते दुकानदाराकडून पुन्हा दुरुस्त करून घ्यावं. फक्त ब्रेक दाबताना गाडी ओढत असेल तर आधी ब्रेक दाखवावेत, उशीर करू नये. फक्त जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर ओढत असेल, तर ती काही गाड्यांची जातच असते. पण नव्यानं सुरू झालं असेल तर तपासून घ्यावं. एकसारख्या वेगात, सरळ रस्त्यावर, नुसती मूठ सैल केली की गाडी एकाच बाजूला जाते, हा खरा ओढा. आमचा तोच होता.

दुसरी गोष्ट, हवा. ज्या बाजूच्या टायरात हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना बघावी. किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचं दार उघडल्यावर तिथल्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेलं असतं. मी हवा मोजायचं छोटं मीटर आणलं. पुढच्या दोन्ही टायरांत ३३-३३. म्हणजे हवेचा दोष नाही.

तिसरी गोष्ट, रस्ता. दुकानातला माणूस अर्धं खरं बोलत होता. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेकडे उतरता केलेला असतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून चांगली गाडीही किंचित डावीकडे झुकते. मग दोष रस्त्याचा की गाडीचा, हे कसं ओळखायचं? एका रविवारी सकाळी रखवालदाराला विचारून आम्ही मार्केट यार्डातल्या रिकाम्या सिमेंटच्या आवारात गेलो. बेतानं गाडी चालवली, बोटं स्टिअरिंगला नुसती टेकवून ठेवली. जाताना गाडी डावीकडे गेली. मग वळवून त्याच रेषेवरून परत आणली. जमिनीचा उतार असता, तर येताना ती उजवीकडे गेली असती. पण येतानाही डावीकडेच! शेजारी बसलेले हे पहिल्यांदाच गप्प झाले. (रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग मुळीच करू नका, आणि हात पूर्ण सोडू तर कधीच नका.)

चौथी गोष्ट, ब्रेक. एखाद्या चाकाचा ब्रेक अर्धवट धरून राहिला, की गाडी त्या बाजूला ओढते. पंधरा मिनिटं, होता होईल तो कमी ब्रेक लावत गाडी चालवा. थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ तळहात न्या. हात लावायचा नाही, तव्याची धग बघतो तशी नुसती धग बघायची. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल, किंवा तिथं जळका वास येत असेल, तर गाडी सरळ मेकॅनिककडे. आमची दोन्ही चाकं सारखीच कोमट होती.

पाचवी गोष्ट, टायरांची अदलाबदल. इथं थोडे पैसे लागतात, पण अगदी किरकोळ. यामागचं कारण समजायला स्टीलचं फुलपात्र घ्या. ते बुडाशी निमुळतं असतं. फरशीवर आडवं करून हळूच लोटा. ते सरळ जात नाही, बुडाच्या बाजूला वळत जातं. टायरच्या आतले पट्टे एका बाजूला सरकले, किंवा मार लागून सुटले, तर वरून गोल दिसणारा टायरही असाच एका बाजूला वळतो. म्हणून पुढची दोन चाकं आपापसांत बदलून बघायची. ओढ्याची बाजू बदलली किंवा ओढा गेला, तर दोष टायरचा. काहीच फरक पडला नाही, तर दोष दुसरीकडे. मात्र टायरच्या बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर डावं-उजवं करू नका; त्याच बाजूचं मागचं चाक पुढे आणा.

कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांनी दहा मिनिटांत चाकं बदलली. मी लगेच यार्डात एक फेरी मारली. आणि काय सांगू, तीच गाडी आता उजवीकडे जायला लागली!

परत आले तेव्हा काकांनी आता उजवीकडे बसवलेलं ते चाक काढून आडवं केलं आणि आतल्या बाजूवरून तळवा फिरवला. नक्षी संपते त्या कडेला, बाहेरून कधी दिसणारच नाही अशा जागी, अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा होता. खड्ड्याचा प्रसाद. काका म्हणाले, "ताई, ह्यो मी परत बसवून देणार न्हाई. घाटात फुटला असता." त्यांनी ते चाक बाजूला ठेवलं आणि स्टेपनी लावली. आमची स्टेपनी त्याच मापाची, त्याच जातीची, आणि बाकीचे टायरही फारसे झिजलेले नव्हते, म्हणून जोडी जमली. पुष्कळ नव्या गाड्यांत स्टेपनी लहान मापाची असते. ती फक्त दुकानापर्यंत पोहोचण्यापुरती. गणपतीच्या आधी आम्ही स्टेपनीसाठी एक नवा टायर घेतला. दोन टायर आणि लोअर आर्म यांऐवजी एकच टायर!

चाकं बदलूनही ओढा त्याच बाजूला राहिला असता तर? मग अलाइनमेंटचा कागद मागायचा, आधीचे आकडे आणि नंतरचे, दोन्ही. त्यात तीन शब्द असतात. कॅम्बर म्हणजे समोरून बघताना चाक आत-बाहेर किती कललेलं आहे. बांगडी घरंगळत सोडली की ती जिकडे कलते तिकडेच वळते, चाकाचंही तसंच. दोन्ही चाकांचा कल सारखा असेल तर ओढे एकमेकांना रद्द करतात, कमीजास्त असेल तर गाडी ओढते. कॅस्टर समजायला सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो मागे झुकलेला असतो म्हणून हँडल आपोआप सरळ होतं. गाडीतही चाकं वळतात तो आस असाच मागे झुकलेला असतो. हा झुकाव ज्या बाजूला कमी, तिकडे गाडी जाते. तिसरा टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत आहेत की बाहेर. पुढचा टो चुकला तर टायर खातात, स्टिअरिंग वाकडं राहतं, पण एकट्या त्याच्यामुळं गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही.

आणि खरी मेख इथंच आहे. पुष्कळशा लहान गाड्यांत पुढचा टो तेवढाच जुळवता येतो. 'अलाइनमेंट केली' म्हणजे बहुधा टो जुळवला. कॅम्बर किंवा कॅस्टर दोन्ही बाजूंना वेगवेगळा दिसत असेल, तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय असं समजावं. लोअर आर्म, त्याचं बुश, बॉल जॉइंट, सस्पेन्शन. ते आधी तपासायचं, लागलं तर बदलायचं, आणि मग अलाइनमेंट करायची. नाहीतर सैल खुंट्यांवर तंबोरा लावण्यातला प्रकार. एवढ्या पायऱ्या झाल्यावर मेकॅनिकनं लोअर आर्म बदला म्हटलं, तर त्यात तथ्य असू शकतं. पण नेमकं काय वाकलंय ते दाखवा, असं जरूर म्हणावं.

त्या दुकानदाराला मी खोटं म्हणत नाही. त्याचे आकडे बरोबरच होते. सासूबाईंच्या चष्म्याचा नंबर बरोबर असला, तरी काच तडकलेली असेल तर अक्षर दुभंगूनच दिसणार. मशीन चाकांचे कोन मोजतं, टायरच्या पोटात काय झालंय ते त्याला दिसत नाही. चूक एवढीच झाली, की आकडे हिरवे दिसल्यावर माझ्या हाताला काय जाणवतंय ते कुणी विचारलं नाही. आणि दोनदा तर मीही गप्प बसून परत आले.

मैत्रिणींनो, रोज गाडी चालवणाऱ्या हाताला जे कळतं ते मनाचे खेळ नसतात. खड्ड्यात जोरात चाक आदळलं, तर अलाइनमेंटला जाण्याआधी ते चाक काढून टायरची आतली बाजू बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

आम्ही आंबा घाट उतरलो तेव्हा रिमझिम पाऊस होता. गाडी मीच चालवत होते. मागं सासूबाई मुलांकडून आरत्या पाठ करून घेत होत्या, आणि शेजारी हे चक्क झोपले होते. खांद्याची तेलाची बाटली घरीच राहिली होती. तिची आठवणसुद्धा झाली नाही.