पाहुण्याला मत नसते

माल्टा हा भूमध्य समुद्रातला टिकलीएवढा देश. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या गोव्यात असे अकरा माल्टा आरामात मावतील. गावोगावच्या इगर्जी, फेस्तं, समुद्र आणि पर्यटक... वर्णन ऐकून गोमंतकीयाला परका वाटू नये असाच हा देश. पण मंडळी, युरोपातल्या पक्षिप्रेमींच्या तोंडी माल्टाचे नाव येते ते वेगळ्याच कारणाने. तिथे वसंत ऋतूत पक्षी मारतात.

आफ्रिकेत हिवाळा काढून युरोपात घरटी बांधायला निघालेल्या पक्ष्यांना वाटेत अख्खा समुद्र ओलांडावा लागतो. माल्टा सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर, म्हणजे ऐन वाटेत. दमलेला पक्षी जमीन दिसली की उतरतो, आणि तिथे बंदूकवाला दबा धरून बसलेला असतो. वसंतातली मुख्य सावजे दोन : लावा आणि युरोपातला होला, म्हणजे आपल्या कवड्याचाच भाऊबंद. हा होला २०१५ पासून जगातल्या संकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. शरदात बुस्केटच्या झाडीत रात्रीपुरते उतरणारे मधुबाज तर कायद्याने पूर्ण संरक्षित. तेही गोळीला बळी पडत आले आहेत.

वसंतातल्या शिकारीवरच एवढा गदारोळ का, असे कुणी विचारील. हिशेब साधा आहे. शरदातल्या थव्यांत त्या वर्षीची पिल्ले खूप असतात आणि त्यांतली बरीच हिवाळ्यात तशीही तगत नाहीत. वसंतात परतणारा पक्षी मात्र दुष्काळ, वाळवंट, वादळ या सगळ्यांतून वाचलेला असतो. तो मारला म्हणजे त्या वर्षीची वीणही मारली. म्हणूनच युरोपच्या १९७९ च्या पक्षीविषयक कायद्याने विणीच्या वाटेवरच्या पक्ष्यांची शिकार मना केली. काही अपवाद मात्र ठेवले, आणि माल्टाचे सरकार त्या अपवादांच्या फटीतून शिरले. २००४ मध्ये माल्टा युरोपीय संघात आला. २००४ ते २००७ या वर्षांत त्याने वसंतातली शिकार चालू ठेवली, ती युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये नियमबाह्य ठरवली. तरी छोटा हंगाम, ठरावीक कोटा असे करत ती परत आलीच. गाणारे फिंच पक्षी जाळ्यात पकडण्याचीही तीच कथा. २०१८ मध्ये न्यायालयाने विरोधात निकाल दिला. २०२० मध्ये तेच काम ‘संशोधन’ या नावाने सुरू झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तोही बचाव फेटाळला.

माल्टातले सगळेच लोक शिकारी आहेत असे मात्र समजू नका. तिथल्या पक्षिमित्रांची संघटना १९६२ पासून झगडते आहे. नागरिकांनी ४० हजारांहून अधिक सह्या जमवून सरकारला सार्वमत घ्यायला लावले. ११ एप्रिल २०१५ रोजी मतदान झाले. वसंतातली शिकार चालू राहावी म्हणणारे ५०.४ टक्के निघाले. फरक जेमतेम दोन-सव्वादोन हजार मतांचा!

१९६७ चा जनमत कौल अनुभवलेल्या गोव्याला अशा मतदानाचे मोल सांगायला नको. पण एक भेद ध्यानात घ्या. आपल्याकडे ज्यांच्या भवितव्याचा प्रश्न होता त्यांनीच मत दिले. माल्टात मात्र यजमानांनी मतदान करून पाहुण्याच्या जिवाचा निर्णय केला. होला हिवाळ्यात आफ्रिकेचा, उन्हाळ्यात युरोपचा. माल्टात तो एखाद-दुसऱ्या रात्रीचा वाटसरू. अंगणातून जाणाऱ्या वाटसरूवर घरमालकाची मालकी बहुमताने सिद्ध होते काय? माझ्या मते नाही. लोकशाहीत बहुमत आपल्या मालमत्तेपुरते चालते, दुसऱ्याच्या ठेवीवर चालत नाही.

शिकाऱ्यांचा युक्तिवाद दोन पायांवर उभा आहे. पहिला पाय परंपरेचा : वाडवडील करीत आले. आपल्याकडे पावसाळ्यात बेडूक पकडणारेही हेच सांगतात. कायद्याने बंदी आहे, तरी ‘जंपिंग चिकन’ पानात पडते. वाडवडिलांच्या काळी शेते, पाणथळी आणि बेडूक अमाप होते, हे मात्र कुणी सांगत नाही. परंपरा चालवायची तर तेव्हाची संख्याही परत आणायला हवी ना?

दुसरा पाय थोडा भक्कम आहे. होला मुळात कमी झाला तो युरोपातल्या यंत्रशेतीने, तणनाशकांनी आणि तोडलेल्या कुंपणझाडीने. मग खापर आमच्याच डोक्यावर का, असे ते विचारतात. कारण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा. आजारी माणसाला आजार आम्ही दिला नाही, म्हणून त्याला मारण्याची मुभा मिळत नाही. शिवाय बंदूक थांबल्याने फरक पडतो हे दिसलेलेही आहे. २०२१ मध्ये फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगाल यांनी होल्याची शिकार थांबवली, आणि पुढच्या काही वर्षांत पश्चिमेकडच्या वाटेवरचे होले सावरू लागले. माल्टाने मात्र २०१७ पासून वसंतातल्या होल्याला दिलेले अभय २०२२ मध्ये काढून घेतले.

याच माल्टाच्या दक्षिणेला फिल्फला नावाचे एक निर्जन खडकाळ बेट आहे. ब्रिटिश आरमार त्याच्यावर तोफांचा नेम धरण्याचा सराव करी. १९७१ मध्ये तो थांबला. आज ते बेट राखीव आहे आणि तिथे स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्याच्या हजारो जोड्या वीण करतात. आरमाराच्या तोफा थांबवता आल्या, तर दुनळी बंदुका थांबवणे अशक्य नाही. त्यासाठी न्यायालयाच्या आणखी एका निकालाची वाट कशाला पाहायची? ते दोन-सव्वादोन हजार लोक शेजारीच राहतात. त्यांचे मन वळवता येईल.

हिवाळ्यात करमळीच्या तळ्यावर उतरणारे पक्षीही कुणाच्या तरी अंगणावरूनच येतात. तिथल्या माणसांनी त्यांना जाऊ दिले, म्हणून ते आपल्याला दिसतात. बघा पटते का.