नवं चर्च, जुनंच घर?

परवा शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. ती ख्रिस्ती. तिची लेक लग्न होऊन शिकागोजवळ राहते. "अगं, लेक आता नव्या पद्धतीच्या चर्चमध्ये जाते. गिटार, ड्रम, पडद्यावर गाणी. पाळकसुद्धा जीन्स घालून येतात!" मग जरा थांबून म्हणाली, "सगळं नवं गं. पण कॉफीच्या टेबलामागे बायकाच उभ्या असतात म्हणे."

मैत्रिणींनो, ते शेवटचं वाक्य काही मनातून जाईना.

अमेरिकेत अशा नव्या चर्चची लाटच आली. त्यातलं एक गाजलेलं नाव म्हणजे शिकागोच्या उपनगरातलं विलो क्रीक. १९७५ साली ते एका सिनेमागृहात सुरू झालं. चर्चची पायरी न चढणाऱ्यांनाही आपलं वाटावं, हा हेतू. माणसं हजारोंनी आली. स्त्रियांना नेतृत्वात जागा देणारं चर्च म्हणून त्याचं कौतुकही झालं. पण २००७ मध्ये त्यांनीच आपली पाहणी छापली आणि कबूल केलं, की कार्यक्रमांना जास्त हजेरी लावली म्हणून श्रद्धा वाढतेच असं नाही. ही कबुली प्रामाणिक होती.

खरी परीक्षा पुढेच होती. २०१८ मध्ये संस्थापक बिल हायबेल्स यांच्यावर अनेक स्त्रियांनी गैरवर्तनाचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले आणि एप्रिलमध्ये पद सोडलं. चर्चच्या वडीलमंडळानं आधी त्यांचीच बाजू घेतली. ऑगस्टमध्ये मात्र माफी मागून अख्ख्या मंडळानं राजीनामा दिला. २०१९ मध्ये स्वतंत्र गटानं हे आरोप विश्वासार्ह ठरवले.

म्हणजे वाद्यं बदलली, कपडे बदलले. पण तक्रार घेऊन आलेल्या बाईवर आधी अविश्वास दाखवायचा, ही रीत जुनीच राहिली.

मग नव्याला अर्थच नाही का? तसं मी म्हणणार नाही. आपल्या पंडिता रमाबाई आठवा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी तिथल्या धर्मगुरूंचं म्हणणं डोळे मिटून मानलं नाही. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदासदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली, तिची जगभर चर्चा झाली. पण मला मोलाचं वाटतं ते दुसरंच. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली तिथे अक्षरं शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. लाट ओसरली तरी हातातलं काम राहिलं.

रमाबाईंच्या धर्मांतरावर तेव्हाही वाद झाला, आजही होतो. तो ज्यानं त्यानं घालावा. माझी कसोटी साधी आहे. हिशेबाची वही बाईला बघायला मिळते का? तिनं "नाही" म्हटलेलं चालतं का? तिची तक्रार ऐकली जाते का? हेच प्रश्न आपल्या सत्संगालाही लावा आणि भजनी मंडळालाही.

मैत्रिणीला मी एवढंच म्हटलं, "लेकीला विचार, कॉफी झाल्यावर कप कोण विसळतं? आणि निर्णयाच्या बैठकीत कोण बसतं?"

ती हसली. म्हणाली, "आधी आमच्याच चर्चमध्ये विचारते गं!"