बाई, उत्तर २५६!

मुलांनो, परवा मी वर्गात फळ्यावर '८ × ३२' असं लिहिलं आणि विचारलं, "सांगा बरं, याचं उत्तर काय?" चौथीचा वर्ग तो, पाढे तोंडपाठ. क्षणात पाच-सहा जण ओरडले, "दोनशे छप्पन्न, बाई!"

गणित बरोबर, पण उत्तर चूक! कारण हे आकडे होते एका दुर्बिणीवरचे. आणि दुर्बिणीवरच्या आकड्यांचा गुणाकार नाही, भागाकार करायचा असतो. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही, बरं का. आमच्या वर्गाची वर्षभराची रद्दी त्यात गेली.

त्याचं असं झालं. गावच्या तळ्यावरचे पक्षी पाहायला दुर्बीण हवी म्हणून गेल्या वर्षी याच मुलांनी घरोघरची रद्दी जमवून विकली. अठराशे रुपये जमले. मी एकटीच शहरात गेले आणि दुकानातली सगळ्यात मोठ्या आकड्यांची दुर्बीण घेऊन आले. खोक्यावर ऐटीत '३० × ६०', भिंगं आरशासारखी लालभडक! डिसेंबरातल्या पहाटे आमची वरात तळ्यावर. जो तो दुर्बीण डोळ्यांना लावी आणि म्हणे, "दिसला, दिसला!" शेवटी एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, नुसत्या डोळ्यांनीच बरं दिसतंय." मग मी पाहिलं. सगळा अंधार, थरथरणारं चित्र आणि एका खंड्याच्या जागी दोन-दोन! बिचारी मुलं माझं मन राखत होती.

शाळेत येऊन पुढच्या भिंगावर पट्टी धरली. ६० मिलिमीटर कुठले, जेमतेम २५ भरले. ही पट्टी दुकानातच काढायला हवी होती.

आता ते आकडे समजून घ्या. पहिला आकडा सांगतो, पक्षी किती पट जवळ दिसेल. ८ म्हणजे ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसणार. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ३२ भागिले ८ बरोबर ४. म्हणजे दुर्बिणीतून तुमच्या डोळ्याकडे येणारा उजेडाचा ठिपका ४ मिलिमीटरचा. १० × २५ चा ठिपका फक्त अडीच मिलिमीटरचा. भर दुपारी आपली बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, तेव्हा अडीच चालून जातो. पण पहाटे, संध्याकाळी बाहुली मोठी होऊन जास्त उजेड मागते आणि तेवढा दुर्बिणीतून येतच नाही. पक्ष्यांची गडबड तर नेमकी उजाडताना असते!

मग पहिला आकडा मोठा का नको? कारण पक्ष्याबरोबर आपल्या हाताची थरथरही तेवढीच पट मोठी होते. शिवाय एका वेळी दिसणारा भाग आकसतो. शिंजीर एका फुलावर दोन सेकंद बसत नाही. तुम्ही शोधेपर्यंत तो पसार! तेव्हा ८ पुरे. कमी-जास्त करता येणाऱ्या झूमच्या दुर्बिणी या किमतीत घेऊच नका.

राहिलं वजन. ८ × २५ दप्तराच्या कप्प्यात मावते, साधारण ३०० ग्रॅमची. ८ × ३२ अर्ध्या किलोच्या आसपास. ८ × ४२ उजेडाला छान, पण पाऊण किलोचं ओझं तासभर गळ्यात वागवून पाहा! माझं मत विचाराल तर ८ × ३२. सहलीपुरती आणि दिवसाउजेडी वापरायची असेल, तर ८ × २५.

आता आई-बाबांसाठी थोडं. आजच्या भावात धड दुर्बिणीला आठ ते बारा हजार लागतात. एवढे पैसे घालायचे तर मुलाला दुकानात बरोबर न्याच. लहान मुलांचे डोळे एकमेकांच्या जवळ असतात. दुर्बीण मधोमध पुरेशी मिटत नसेल, तर मुलाला दोन वेगळी वर्तुळं दिसतात. मिटवल्यावर एकच गोल दिसायला हवा. मुलाला चष्मा असेल, तर डोळ्यांकडची रबरी कडी खाली करून चष्म्यासकट पाहू द्या. चित्राभोवती काळी कड राहिली, तर ती दुर्बीण त्याच्यासाठी नाही. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. हिरवट-जांभळं आणि मंद असेल तर चांगलं, पांढरंशुभ्र असेल तर नको. लाल आरशाचं तर नावच काढू नका! मग दुकानाबाहेर येऊन समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगा. दोन-दोन दिसली किंवा डोळ्यांवर ताण आला, तर सरळ परत ठेवा.

काही खोक्यांवर बंदूकवाल्या शिकाऱ्याचं चित्र असतं. दचकू नका. परदेशात परवाना काढून शिकार करणारे अशाच दुर्बिणी वापरतात, कारण त्यांनाही पहाटेच्या उजेडातच पाहायचं असतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला आळा घातला. गंमत म्हणजे पक्षितज्ज्ञ सालिम अलींची सुरुवात छऱ्याच्या बंदुकीनेच झाली होती. लहानपणी त्यांनी पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कुठली, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पक्ष्यांचेच झाले.

दुर्बीण आणलीत की आधी पट्टा गळ्यात, मग हात दुर्बिणीला! उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा. मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. एकदा जमलं की पुढे फक्त मधलं चाक. दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही पाहू नका, डोळा कायमचा जाईल. पावसाळ्यात भिंगांना बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

यंदा पुन्हा रद्दी विकली, पालकांनी थोडे दिले, चुकीचा दंड म्हणून उरलेले मी घातले आणि ८ × ३२ आणली. या वेळी दुकानात पाच मुलं बरोबर होती. तळ्यावर पहिला मान गेल्या वर्षी खरं बोललेल्या मुलीचा. तिनं चाक फिरवलं आणि बराच वेळ गप्पच. मागची रांग ओरडायला लागली, तशी दुर्बीण न काढताच म्हणाली, "थांबा रे, तो मासा आपटतोय फांदीवर!"