स्पीकरचा एक कान गेला तर...



दर रविवारी सकाळी आमच्या सासूबाई केस विंचरून, चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर येऊन बसतात. धाकटे दीर परदेशी असतात, त्यांचा फोन तेव्हा येतो. सासूबाईंना जरा कमी ऐकू येतं, म्हणून मुद्दाम मोठे स्पीकर लावलेले. दोन रविवारांमागे केर काढताना माझाच झाडू वायरीत अडकला आणि पिन वाकली. तेव्हापासून आवाज एकाच स्पीकरमधून, तोही तुटक. सासूबाई नुसत्या "हं, हं" करत राहिल्या आणि नंतर मला हळूच विचारलं, "काय म्हणाला गं तो?" मला अगदी कसंसंच झालं.

"नवे आणू," असं हे म्हणाले. पण बोटभर पिनेपायी चांगले स्पीकर भंगारात का द्यायचे?

आधी खात्री करून घ्या. कॉम्प्युटरच्या त्याच भोकात दुसरा इअरफोन लावून पाहा. दोन्ही कानांत आवाज आला, तर कॉम्प्युटर ठीक आहे. मग स्पीकरची पिन लावून तिच्या जवळची वायर हलकेच वाकवा. खरखर होऊन आवाज येत-जात असेल, तर दुखणं तिथेच. वायर सारखी तिथेच वाकते आणि आतल्या बारीक तारा तुटतात.

आणायचं सामान: ३.५ मिलिमीटरची स्टीरिओ पिन, सोल्डरिंग गन (२५ वॅटची पुरे), सोल्डर वायर, थोडी पेस्ट. पिनेवर दोन काळ्या पट्ट्या, म्हणजे तीन भाग, असल्याची खात्री करा. १९७९ साली आलेल्या वॉकमनलाही हीच पिन लागे, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात ती सहज मिळते.

कृती: स्पीकरचं बटण बंद करून प्लग भिंतीतून काढा. जुनी पिन दोन इंच वायरीसकट कापून टाका. आता नव्या पिनेचं झाकण आधी वायरीत ओवा! मी हेच विसरले आणि सगळं काम झाल्यावर उकलत बसले. वायरीचं वरचं साल सेंटिमीटरभर सोला. आत तीन तारा दिसतील. बहुधा लाल उजव्या स्पीकरची, पांढरी किंवा हिरवी डाव्याची, आणि उघडी तांब्याची सामाईक. काही तारांवर लाखेसारखा रंगीत थर असतो, तो ब्लेडनं खरवडून काढा, नाहीतर डाख धरत नाही.

भांड्याला कल्हई करतात तशी टोकांना आधी सोल्डरची कल्हई करून घ्या. मग पिनेच्या टोकाला डावी, मधल्या कड्याला उजवी आणि मागच्या भागाला सामाईक तार जोडा. पिनेच्या आतला कोणता पत्रा कोणत्या भागाचा, हे मल्टिमीटर असल्यास पाहा. नसल्यास तारा नुसत्या गुंडाळून, स्पीकर लावून ऐका, आणि पुन्हा बंद करूनच डाख द्या. डावं-उजवं उलटं झालं तरी काही जळत नाही. मात्र दोन तारा एकमेकींना चिकटता कामा नयेत. गन दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, आतलं प्लॅस्टिक वितळतं. शेवटी मागची पकड वायरीवर दाबा आणि झाकण फिरवा.

जपायचं ते: सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं. हे काम ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू नका, खिडकी उघडी ठेवा, मुलांना लांब ठेवा आणि नंतर हात साबणानं धुवा. आणि हो, ही कृती आवाजाच्या पिनेचीच बरं का! भिंतीत जाणाऱ्या विजेच्या वायरीला मात्र वायरमनच हवा.

यापुढे पिन काढताना वायर ओढू नका, पिनच धरा. केर काढण्याआधी वायर वर उचलून ठेवा. हे मी स्वतःलाही बजावलंय!

गेल्या रविवारी फोन आला. दोन-चार वाक्यं झाली असतील, तोच सासूबाई म्हणाल्या, "आवाज बसलाय का रे तुझा? सर्दी झालीय? सुंठ घे हो." मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि निवांतपणे पोळ्या लाटायला घेतल्या.