गणपतीच्या आत दुकानाचा क्यूआर करून घ्या
गागोदे बुद्रुक, पेण आणि रोहा परिसरातल्या दुकानदारांना, मिनीडोअरवाल्यांना आणि परदेशात पोरं असलेल्या घरांना आवाहन

मंडळी, 11 सप्टेंबरची विनोबा जयंती आणि गणपती बहुतेक वर्षी मागेपुढेच येतात. या दिवसांत गागोद्याला विनोबांचं जन्मस्थान पाहायला बाहेरची माणसं येतात, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत मूर्ती बघायला येतात, आणि अमेरिकेत, दुबईत राहणारी आपलीच मुलं, सुना, नातवंडं घरी येतात. परदेशी पाहुणे मोजकेच असतात, पण जो येतो तो एका जागी हमखास अडतो. चहाचे पैसे देताना.

समजा, जर्मनीहून आलेल्या एक बाई मिनीडोअरमधून उतरल्या. आपलं यूपीआय चालतं ते इथल्या बँक खात्यावर, आणि तसं खातं त्यांच्याकडे नाही. कार्ड आहे, पण टपरीवर कार्डाचं मशीन कुठून असणार? विमानतळावरच्या एटीएममधून काढलेल्या पाचशेच्या नोटा आहेत, तर टपरीवाला म्हणतो, "सुट्टे नाहीत, जीपे करा." बाई ओशाळं हसून चहा न घेताच पुढे जातात आणि आपण म्हणतो, चिक्कू दिसतेय.

खरं तर अशा पाहुण्यांसाठी सोय झालेली आहे. 'यूपीआय वन वर्ल्ड' नावाचं वॉलेट फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 देशांच्या प्रवाशांपुरतं सुरू झालं आणि जुलै 2024 मध्ये सगळ्याच देशांच्या पाहुण्यांना खुलं झालं. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवायचा, आपल्या परदेशी कार्डावरून त्यात रुपये भरायचे, आपल्यासारखंच स्कॅन करायचं. उरलेले पैसे जाताना परत मिळतात. पण त्यात एक मेख आहे, आणि ती थेट आपल्या टपरीशी येऊन भिडते. या वॉलेटमधून पैसे फक्त व्यापाऱ्याला देता येतात, व्यक्तीला नाही.

आता आपल्या दुकानातला क्यूआर आठवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बिस्किटांच्या बरणीला सेलोटेपने चिकटवलेला, एक कोपरा तेलकट झालेला. कितीतरी ठिकाणी तो दुकानाचा नसतोच. मालकाच्या नाहीतर त्याच्या मुलाच्या स्वतःच्या खात्याचा असतो. गावातलं गिऱ्हाईक स्कॅन करतं, पैसे येतात, त्यामुळे फरक कधी कळतच नाही. पाहुण्याचा व्यवहार मात्र तिथेच फिसकटतो, आणि दोघांनाही वाटतं, रेंज गेली.

तेव्हा पहिली विनंती हीच: बँकेत जाऊन नुसता क्यूआर मागू नका, 'मर्चंट क्यूआर' हवा असं सांगा. नाहीतर ज्या कंपनीचं ॲप वापरता, तिच्याच व्यापाऱ्यांसाठीच्या ॲपवर दुकानाची नोंदणी करा. काम लहान आहे, पण गणपतीच्या आदल्या दिवशी ते कुणी करत बसणार नाही; या आठवड्यातच उरका. पेणमध्ये बँकेचं नाव काढलं की माणसं सावध होतात. 2010 मध्ये पेण अर्बन बँकेत अनेकांच्या ठेवी अडकल्या, ते आपण कुणी विसरलेलो नाही. इथे मात्र ठेव ठेवायची नाही. पैसे तुमच्या आहे त्याच खात्यात जमा होतात.

दुसरी विनंती गल्ल्याबद्दल. दहा-वीसच्या नोटांची एक गड्डी आणि मूठभर नाणी जवळ ठेवा. डोंगराकडेच्या गावात पावसाळ्यात रेंज जाते तेव्हा ती आपल्यालाही लागतात. दहा रुपयांचं नाणं चालतं; रिझर्व्ह बँकेने ते पुन्हा पुन्हा सांगितलं आहे, तेव्हा "नाणं नको" म्हणून पाहुण्याला परत पाठवू नका. मिनीडोअरवाल्या दादांनो, पेण स्टेशनवरून किंवा एसटी स्टँडवरून परदेशी माणूस बसला तर भाडं आधी सांगा, आकडा मोबाईलवर टाकून दाखवा. एटीएम लागणार असेल तर पेणमध्येच गाडी थांबवा. पुढे शोधाशोध नको.

डॉलर किंवा युरो घेऊ नका. कुणी दिले, भाव चांगला वाटला, तरी नको. परकीय चलन बदलण्याचा धंदा रिझर्व्ह बँकेच्या परवान्याशिवाय करता येत नाही. फेमा कायदा तसं सांगतो. अडचणच असेल तर सरळ मार्ग आहे: पाहुण्याकडून रुपयांत रोख घ्या आणि दुकानदाराला तुमच्या फोनवरून पैसे द्या. पाहुण्याचा फोन आपल्या हातात घेऊन पिन मात्र विचारू नका. आणि स्वतःही सावध राहा: पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि स्क्रीनशॉट दाखवला म्हणजे पैसे आले असं नाही. खात्यात दिसू दे, मग सामान द्या.

आता पोरं परदेशात असलेल्या घरांना. मुलगा शिकागोत, मुलगी सिंगापूरला, आणि इथे आल्यावर दोन आठवडे सगळीकडे बाबांच्या फोनवरून पैसे. याची गरज राहिलेली नाही. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, दुबईसह अमिराती, ओमान, कतार, सौदी, हाँगकाँग इथल्या मोबाईल नंबरवरूनही यूपीआय चालतं, पण खातं अनिवासी भारतीयांचं, म्हणजे एनआरई किंवा एनआरओ हवं आणि बँकेत तोच परदेशी नंबर नोंदलेला हवा. हे तिथून निघण्याआधी करायचं काम आहे. आरतीच्या गडबडीत ओटीपीची वाट बघत बसायचं नाही. या रविवारी व्हिडिओ कॉल लागला की तेवढं बोलून घ्या. इथे खातंच नसलेल्या परदेशी नागरिक नातवंडांना वर सांगितलेलं वॉलेट घ्यायला लावा. आणि एटीएमने "रुपयांत की तुमच्या चलनात?" असं विचारलं तर रुपयांत म्हणा; दुसऱ्या पर्यायात दर बहुधा महाग पडतो.

विनोबांनी 1950 मध्ये पवनारला कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग सुरू केला. पुढे संपत्तिदान चळवळीतही दात्याचा पैसा स्वतःच्या हाती घेतला नाही. त्यांच्याच गावी पाहुणा पैशापायी अडतो, यातली गंमत त्यांना नक्की कळली असती. पाहुण्याला ती कळत नाही, कारण त्याला तहान लागलेली असते.

ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर गाडी थांबते तिथे एक पाटी लावता येईल: कुठल्या दुकानात मर्चंट क्यूआर आहे, सुट्टे कुणाकडे मिळतील, जवळचं एटीएम कुठे आहे. मराठीत आणि इंग्रजीत. खाली 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर मोठ्या अक्षरात घाला. पाटीसाठी फळी आणि रंग द्यायला कुणी तयार असेल तर त्यांनी आजच पंचायतीत नाव द्यावं.