कानातली काडी खाली ठेवा

गेल्या आठवड्यात तिशीतल्या एक बाई दवाखान्यात आल्या, उजव्या कानावर रुमाल धरून. अंघोळीनंतर रोजच्यासारखा इअर बड कानात फिरवत होत्या, तेवढ्यात चार वर्षांचा मुलगा मागून येऊन बिलगला आणि कोपराला धक्का बसला. कानाचा पडदा फाटला. "डॉक्टर, मी रोज करते हो. इतक्या वर्षांत कधी काही झालं नाही," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. खरंच होतं त्यांचं. आदल्या दिवसापर्यंत काहीच झालं नव्हतं. असं छोटं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतं, त्यांचंही भरेल. पण तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही.

आजचा लेख थोडा चिडून लिहितोय, हे आधीच सांगतो.

मला वाटतं, निम्मा घोटाळा आपल्या शब्दातच आहे. आपण त्याला 'मळ' म्हणतो. मळ म्हटलं की तो काढायलाच हवा, नाही काढला तर आपण गलिच्छ! पण कानातला हा पदार्थ बाहेरून आलेली घाण नाही. कानाच्या नळीतल्या ग्रंथी तो मुद्दाम तयार करतात. तो किंचित आम्ल असतो, तेलकट असतो, धूळ आणि किडे अडवतो, जंतू आणि बुरशी वाढू देत नाही. डोळ्यातले अश्रू आपण काडीला कापूस लावून टिपत बसत नाही ना? मग कानावरच हा राग का?

आणि कान स्वतःला साफ करतो. पडद्यावरची आणि नळीतली त्वचा आतून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते, साधारण नख वाढतं त्या वेगाने. तिच्यावर बसलेला मळ तिच्याबरोबर बाहेर येतो. जेवताना, बोलताना जबडा हलतो, त्याचीही मदत होते. बाहेर आलेला मळ अंघोळीनंतर पंचाच्या टोकाने पुसला की काम झालं.

आता नळीचं माप पाहा. मोठ्या माणसात ती जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. आतला भाग हाडाचा, त्यावरची त्वचा कागदासारखी पातळ, आणि तिथे मळाच्या ग्रंथीच नाहीत. म्हणजे पडद्याला चिकटून बसलेला मळ दिसला, तर तो तिथे कोणीतरी ढकललेला असतो. अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे, "कान कशाने कोरता?" उत्तरंही ठरलेली आहेत. बड, केसांची पिन, काडेपेटीची काडी, स्कूटरची किल्ली. एका गृहस्थांनी खिशातून बॉलपेनाचं टोपण काढून दाखवलं होतं.

"पण डॉक्टर, बडला मळ लागतो की! म्हणजे निघतोच ना?" हो, कडेचा थोडा निघतो. बाकीचा, ठासणीच्या बंदुकीत दारू ठासावी तसा, तुम्ही आत ठासता. रोज थोडा थोडा. मग एक दिवस अंघोळीचं पाणी जातं, मळ फुगतो आणि कान ठप्प होतो. तेव्हा तुम्ही म्हणता, मळ फार होतो हो मला.

बडच्या डब्यावरची बारीक अक्षरं कधी वाचली आहेत का? बहुतेक कंपन्या तिथे लिहितात, कानाच्या नळीत घालू नका. त्यांनी हात झटकले. १ जुलै २०२२ पासून आपल्याकडे प्लास्टिकच्या काडीच्या बडवर बंदी आली, तेव्हा मला क्षणभर आनंद झाला होता. ती बंदी कचऱ्यासाठी होती. आता काडी कागदाची किंवा बांबूची मिळते. कान तोच, धक्का देणारा मुलगाही तोच.

खाज सुटते म्हणून कोरतो, असं सांगणारे पुष्कळ असतात. कोरल्याने वरचा तेलकट थर जातो, त्वचा कोरडी पडते, तिला बारीक ओरखडे येतात आणि आणखी खाज सुटते. कोरताना बरं वाटतं हे मान्य. विद्यार्थी असताना मीही कोरायचो. पण हे सुख गजकर्ण खाजवण्याच्या सुखासारखं आहे.

आता तेल. लसूण टाकून चमच्यात कडकडीत केलेलं तेल कानात ओतून नळी भाजून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, रोज कानात तेल घालणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. मग कानात भिजलेल्या टीपकागदासारखा लगदा आणि त्यावर काळे ठिपके दिसतात. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून लोकांना वाटतं मळ उकळून निघाला, पण पडद्याला भोक असेल तर ते मधल्या कानात जातं. कानात मेणबत्ती लावण्याचं एक खूळही आहे. जळल्यावर तळाशी जे साचतं, ते मेणबत्तीचंच मेण असतं.

सध्या सगळ्यात जास्त राग येतो तो मोबाइलला जोडायच्या कॅमेऱ्याच्या कानकोरण्याचा. जाहिरातीत एवढा मोठा खडा निघताना दिसतो की बघणाऱ्यालाच हलकं वाटतं. पण पडद्यावरच्या चित्राला खोली नसते. टोकापासून कानाचा पडदा किती दूर आहे ते त्यात कळत नाही. नाक-कान-घसा तज्ज्ञ हे काम हेडलाइट किंवा सूक्ष्मदर्शकाखाली, वर्षानुवर्षं शिकून करतात. तुम्ही ते रात्री अकरा वाजता पलंगावर बसून करणार?

मधुमेही वाचकांनी इथे थांबावं. तुमच्या कानातला छोटासा ओरखडाही चिघळून संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत जाऊ शकतो. रात्री झोपू न देणारी कानदुखी आणि पू असेल, तर एकही दिवस घरगुती उपायात घालवू नका.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आले. सकाळी उठले तेव्हा डावा कान बंद, आत शिट्टी वाजल्यासारखा आवाज. घरचे म्हणाले, मळ असेल. शेजारी म्हणाले, मळच असेल. औषधाच्या दुकानातून थेंब आणले, तेल घातलं, बड फिरवला. असे जवळजवळ तीन आठवडे गेले. मी कानात पाहिलं तर नळी स्वच्छ. मळ नव्हताच. कानाची नस अचानक निकामी झाली होती. यावर स्टेरॉइडचा उपचार आहे, पण तो पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू व्हावा लागतो. मी त्यांना त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवलं. त्या कानाला ऐकू परत आलं नाही.

म्हणून एक साधी गोष्ट शिकून ठेवा. एक कान अचानक बंद झाला, तर तोंड मिटून 'म्ऽऽऽ' असं गुणगुणा. आवाज बंद कानात मोठा वाटला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त. तो चांगल्या कानाकडे गेला, तर नसेचा संशय घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ही तपासणीची जागा घेणारी चाचणी नाही. अचानक ऐकू येईनासं झालं तर निकाल काहीही येवो, दाखवायचंच.

मग घरी काहीच करायचं नाही का? ऐकू येतंय, दुखत नाही, तर खरंच काही करू नका. मळामुळे जड वाटत असेल, आणि कानातून पाणी-पू येत नसेल, पडद्याला भोक किंवा आधीची शस्त्रक्रिया नसेल, तर कुशीवर झोपून खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब घाला आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा. तेल खोलीच्या तापमानाचं असावं. थंडीत गोठलं तर बाटली हातात धरून पातळ करा, गॅसवर नको. हे तीन ते पाच दिवस करा. मळ मऊ होऊन बहुधा आपणच निघतो. नाही निघाला तर या. आम्ही अंगाच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्याने धुतो किंवा शोषून काढतो. थंड पाणी मारलं की गरगरतं, म्हणून पिचकारीचे प्रयोग घरी नकोत. वय झालेल्यांचा मळ कोरडा असतो, आणि श्रवणयंत्राने तो आतच अडतो. घरातल्या आजी-आजोबांचे कान सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. यंत्र बिघडलं म्हणून ते बाजूला ठेवतात, आणि बिघाड मळाचा निघतो.

त्या बाई जाताना दारात थांबल्या. "डॉक्टर, घरी बडचे दोन भरलेले डबे आहेत, त्यांचं काय करू?" मी म्हटलं, शिलाई मशीन आहे ना घरात? त्याच्या दातांमधली धूळ काढायला फार छान.